फाल्गुनात फुटणारी अक्षरं

जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलात सुरू होतं. साकुराच्या झाडाखाली पहिलीतल्या मुलांचे नव्या दप्तरासकट फोटो निघतात. तिथे वसंत म्हणजे शाळेचा पहिला दिवस. आपल्याकडे सगळं उलट. आपली शाळा पावसाबरोबर उघडते, गळक्या कौलांखाली ‘घर’, ‘नळ’ गिरवत श्रावण काढते, आणि तिचं पीक हाती येतं ते फाल्गुन-चैत्रात. म्हणून कुणाला प्राथमिक शाळा खरोखर बघायची असेल, तर मी त्याला जूनमधलं फुगेबिगे लावलेलं प्रवेशाचं स्वागत बघू नको म्हणेन. मार्चमध्ये जा, आणि तेही एखाद्या लहान शाळेत.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही वाडीवरची शाळा चालेल. दोन खोल्या, पुढे पडवी, पहिली ते चौथी, शिक्षक दोन. पट कधी वीसच्या आत. उन्हं तापू लागली की शाळा सकाळची होते. परिपाठ उरकतो, ऊन अजून पडवीवर चढलेलं नसतं, आणि पहिलीतली पोरं एका विचित्र नादाने झपाटलेली दिसतात. ती दिसेल ते वाचत असतात. भिंतीवरचं कॅलेंडर, बिस्किटाचा पुडा, तेलाच्या पिशवीवरची जाहिरात, गेल्या निवडणुकीतली पुसट घोषणा. दिवाळीपर्यंत अक्षरांकडे अनोळखी पाहुण्यासारखं बघणारं पोर आता त्यांना सोडायला तयार नसतं. बाई सहज सांगतात, “लागलं वाचायला.” या दोन शब्दांत जे घडून गेलेलं असतं, ते मेंदूच्या दुनियेतलं एक मोठं नवल आहे.

माणूस बोलतो आहे लाखभर वर्षं तरी. लिहितो आहे जेमतेम पाच हजार वर्षं. एवढ्या थोड्या काळात उत्क्रांती मेंदूत वाचनासाठी खास जागा घडवू शकत नाही. तरीही वाचू शकणाऱ्या बहुतेक सगळ्या माणसांच्या मेंदूत, डाव्या बाजूला, मागच्या भागात खालच्या अंगाला, लिहिलेले शब्द ओळखणारा एक छोटा पट्टा सापडतो. लिपी चिनी असो, अरबी असो की देवनागरी, जागा जवळपास तीच. स्तानिस्लास देहान या फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की, हा पट्टा मुळात वस्तू, चेहरे, आकार ओळखण्याच्या कामावर होता. वाचायला शिकताना मूल त्यातला काही भाग अक्षरांसाठी कामाला लावतं. म्हणजे पडवीत बसून ‘बदक’ वाचणारी ती सहा वर्षांची मुलगी स्वतःच्या डोक्यातल्या कामांची फेरवाटणी करत असते. तिला याचा पत्ता नसतो. शेजारच्या मुलाने खोडरबर पळवला आहे, तिचं लक्ष तिकडे असतं.

या फेरवाटणीच्या खुणा वहीत दिसतात. पहिलीतली मुलं ३ आणि ६ यांची हमखास अदलाबदल करतात. ‘लक्ष देत नाही’ म्हणून पूर्वी यावर धपाटे पडत. पण यात दुर्लक्ष नाही, उलट जुन्या मेंदूचा शहाणपणा आहे. मांजर डावीकडे तोंड करून बसलं काय आणि उजवीकडे, मांजरच. कपाचा कान कुठल्याही बाजूला असो, कप तोच. आकार उलटा दिसला तरी वस्तू एकच आहे, हे आपले डोळे जन्मापासून शिकतात आणि ते जगायला सोयीचंही असतं. अख्ख्या जगात फक्त लिपीच अशी हट्टी, की तोंड फिरवलं की तिचा ३ चा ६ होतो. मुलाला शिकलेली गोष्ट विसरावी लागते, तीही फक्त कागदापुरती. बहुतेकांचं हे वर्ष-दोन वर्षांत आपोआप सुटतं.

त्यात आपली लिपी आणखी गमतीची. काना अक्षराच्या पुढे, मात्रा डोक्यावर, उकार पायाशी, आणि पहिली वेलांटी चक्क आधी. ‘कि’ म्हणताना तोंडातून आधी ‘क’ बाहेर पडतो, पण कागदावर आधी भेटते ती वेलांटी. डोळा आणि जीभ यांचा क्रम इथे जुळत नाही. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता या संशोधकांनी २००२ साली हिंदी वाचणाऱ्यांबद्दल दाखवून दिलं, की अशी आधी येणारी वेलांटी असलेले शब्द वाचायला थोडा जास्त वेळ लागतो. आपल्याला तो जाणवत नाही, कारण फरक सेकंदाच्या अंशांतला. पहिलीतलं पोर मात्र तिथे स्पष्ट थबकतं. आधी ‘क’ काढायचा आणि मग मागे जाऊन वेलांटी द्यायची, असं करणारं मूल बघा. ते चुकत नाही, ते ऐकल्याबरहुकूम लिहितं आहे.

मग ‘च’ घ्या. ‘चंद्र’ मधला च वेगळा, ‘चांदणं’ मधला वेगळा. ज आणि झ यांचंही तेच. कागदावर त्याची कसलीही खूण नाही, आणि बाईंनाही ते वेगळं शिकवावं लागत नाही. कोकणातल्या वाडीवरचं मूल ‘चांदणं’ वाचताना आपसूक बरोबर च काढतं, कारण तो शब्द आजीच्या तोंडून त्याच्या कानात आधीच जाऊन बसलेला असतो. अक्षर अर्धंच सांगतं, उरलेलं मूल घरून आणतं. पहिलं वाचन घरच्या भाषेतच व्हावं हा आग्रह कुणाला भावनिक वाटतो, पण त्याचं एक साधं तांत्रिक कारण या च-ज-झ मध्ये लपलेलं आहे. मुलाला ‘ब… द… क’ असं सुटं सुटं म्हणता म्हणता एकदम ‘बदक!’ ऐकू येतं, कारण बदक त्याच्या ओळखीचं आहे.

आता त्या दोन खोल्यांकडे वळू. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी, हा बहुतेक ठिकाणचा बेत. साठपर्यंत मुलांना दोन शिक्षक, असं शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सांगतो. सुट्टी, प्रशिक्षण, जनगणना, निवडणुका यांच्या दिवसांत दोनाचा एक होतो आणि चारही वर्ग एकत्र येतात. शहरातल्या माणसाला ही हलाखी वाटते. काही अंशी ती आहेच. शिक्षकाची त्यात जी ओढाताण होते तिचं कौतुक करण्यात अर्थ नाही. पण त्या खोलीत आणखी काहीतरी चालतं, ते बघण्याजोगं आहे. पहिलीतलं मूल पाटीवर गिरवत असतं आणि त्याचे कान दुसरीच्या जोडाक्षरांवर असतात. त्याला न शिकवलेलं त्याने वर्षभर ऐकलेलं असतं. पुढच्या वर्षी तोच धडा त्याच्या वाट्याला येतो तेव्हा निम्मी ओळख आधीच झालेली असते. आणि दुसरीतली मुलगी? तिला बाई सांगतात, “जरा याचं वाचन घे गं.” दुसऱ्याला समजावून सांगताना स्वतःची गोष्ट पक्की होते, हे शिकवणाऱ्या कुणालाही विचारा.

मारिया माँटेसरी यांनी वेगवेगळ्या वयाची मुलं मुद्दाम एकत्र बसवली. त्यांच्या पद्धतीत साधारण तीन वर्षांच्या अंतरातली मुलं एका वर्गात असतात, आणि आज शहरांतले आईबाप त्यासाठी भरभक्कम फी मोजतात. माँटेसरींचा विचार आपल्याकडे रुजवला तो गुजरातेत गिजुभाई बधेकांनी. त्यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे तो महाराष्ट्रात घेऊन आल्या. त्यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, नंतर अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर. माँटेसरीची महाग साधनं बाजूला ठेवून त्यांनी बिया, शंख, पानं, खडे वापरले. वारली मुलं गुरं घेऊन रानात जातात म्हणून शाळेत येत नाहीत असं दिसलं, तेव्हा शाळाच गुरांमागे कुरणात नेली. कुरणशाळा! मला या कल्पनेचं अजूनही नवल वाटतं. पट कमी म्हणून वाडीवरची शाळा बंद करून मुलांना दूरच्या मोठ्या शाळेत गाडीने न्यायचे बेत ऐकू येतात, तेव्हा एकेकाळी शाळेलाच पाय फुटले होते याची कुणीतरी आठवण करून द्यायला हवी.

बिया आणि पानांवरून आठवलं. फाल्गुनात कोकणातली काटेसावर अंगावर एक पान न ठेवता लाल होते. शिक्षक हिकमती असेल तर त्या एका झाडाखाली चारही वर्ग बसतात. पहिली ‘सावर’ लिहिते. एक काना सोडला तर शब्द सरळ. दुसरी गळून पडलेलं फूल उचलून पाकळ्या मोजते, त्या पाच. मग पुंकेसर मोजायला बसते आणि साठ-सत्तरच्या घरात जाऊन हरवते, पुन्हा पहिल्यापासून मोजते, आणि शेवटी कुणीतरी दहा-दहाचे गठ्ठे करायची युक्ती काढतं. दशक-एकक त्या दिवशी पाठ्यपुस्तकातून बाहेर येतं. तिसरी-चौथीला परिसर अभ्यास आहे. त्यांच्यासाठी प्रश्न वेगळा. ऐन उन्हाच्या तोंडावर पानं टाकून देऊन फुलं का?

उत्तर मोठं सुरेख आहे. पानांतून पाणी उडतं आणि या दिवसांत जमिनीत ओल नसते, म्हणून पानं गेली. पानं गेली म्हणून फुलं लांबून दिसतात. कुणाला? मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही. पक्ष्यांना तो छान दिसतो. मैना, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी सकाळी सकाळी या झाडावर भांडत असतात ते त्या वाटीएवढ्या फुलांतल्या मधासाठी, आणि जाताना डोक्याला पराग माखून पुढच्या झाडावर जातात. उन्हाळ्याच्या शेवटाला बोंडं फुटतात, कापूस वाऱ्यावर निघतो, त्याला चिकटलेलं बी कुठेतरी उतरतं आणि लगेच पाऊस येतो. झाडाचंही वर्ष असं नेमकं बेतलेलं. चौथीतली मुलं हे वहीत लिहितात, आणि पहिलीतली, अर्थातच, कान टवकारून ऐकत असतात.

याच दिवसांत शिमगा येतो आणि हजेरीपत्रकाची पार दाणादाण उडते. मुंबईचे चाकरमानी येतात, ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, म्हणजे गावातल्या तिच्या ठरलेल्या जागी बसते, मग घरोघर फिरते. ढोल दिवसभर थांबत नाहीत. शिमग्याच्या सोंगांतला संकासूर दिसला की अर्धी शाळा त्याच्यामागे आणि अर्धी दाराआड. अधिकृत नजरेने हा अभ्यासाचा खाडा. पण केंब्रिजच्या संशोधक उषा गोस्वामी यांनी वर्षानुवर्षं मांडलं आहे की ताल ओळखणं आणि वाचायला शिकणं यांचा आत कुठेतरी जवळचा संबंध आहे. ज्यांना वाचनात अडचण येते अशा अनेक मुलांना ठेका पकडणंही जड जातं. बोलणं हेही शेवटी ठोक्यांवर चालतं, आणि आपली लिपी तर अक्षराअक्षराने, म्हणजे ठोक्याठोक्याने लिहिलेली. शब्द फोडताना बाई टाळ्या वाजवून घेतात ते उगाच नाही. ढोल ऐकून कुणी वाचायला शिकतं असा दावा मी करणार नाही, पण पालखीमागून नाचत आलेली मुलं दोन दिवसांनी टाळ्यांच्या खेळात जास्त रंगतात असं कुणी शिक्षकाने सांगितलं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

लहान शाळेतली जवळीक जेवणाच्या वेळीही दिसते. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज शंभर ग्रॅम तांदूळ, एकूण ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, हा सरकारी हिशेब. लहान शाळेत खिचडी शिजवणारी बाई कुणाची तरी काकी नाहीतर आत्या असते, त्यामुळे कोण किती खातं आणि कोण वाटाणे बाजूला काढतं हे तिला शिक्षकांपेक्षा जास्त ठाऊक असतं. पोर आज गप्प का, हेही बहुधा आधी तिलाच कळतं.

एप्रिलात शाळेचं अंगण पुन्हा भरतं, या वेळी आयांनी. २०२२ पासून राज्यभर शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात, ‘पहिले पाऊल’ नावाने. कोविडमुळे अंगणवाडीही न बघितलेली मुलं पहिलीत येणार होती, त्यातून हे निघालं. अंगणात टेबलं मांडलेली असतात. जूनमध्ये येणारं मूल आईचं बोट धरून एकेका टेबलावर जातं: आखलेल्या रेघेवरून चालतं, उड्या मारतं, मोठ्या-लहान वस्तू वेगळ्या करतं, चित्र बघून गोष्ट सांगतं. टेबलं सांभाळायला वरच्या वर्गातली मुलं उभी असतात, मोठ्या माणसाच्या ऐटीत. मग आयांचे गट करतात आणि उन्हाळाभर घरी काय करायचं ते सांगतात, आणि ते ऐकून आया हसतात, कारण त्यातलं बरंचसं त्या करतच असतात. काजूच्या बिया मोजायच्या. करवंदं वाटून घ्यायची, सगळ्यांना सारखी. भांडी लहान-मोठी लावायची. भाजीची जुडी सोडताना पोराशी बोलायचं. रेघेवर चालणं आणि पेन्सिल धरणं यांच्यात नातं आहे, ही गोष्ट मात्र अनेकींना नवी असते: शरीराचा तोल आणि खांदा सावरला की मग बोटं सावरतात. हात बोटांपासून नाही, खांद्याकडून पक्का होत येतो.

मेच्या पहिल्या तारखेला झेंडावंदन होतं आणि प्रगतिपुस्तकं मिळतात. चौथीतली मुलं पाचवीसाठी पलीकडच्या गावी जाणार, पट तेवढ्याने खाली येणार. पहिलीतली दुसरीत जातात, आणि सुट्टीभर फाट्यावर उभी राहून एसटीच्या पाट्या वाचतात. ‘खेड’ ही पाटी सगळ्यांची आवडती, एक मात्रा आणि काम झालं. ‘दापोली’ जमते. ‘चिपळूण’ला सुरुवातीलाच वेलांटी आडवी येते, तरी थोडं अडखळून जमतं. ‘रत्नागिरी’त मात्र आधी तो त्न आणि मग गि, वर शेवटी दीर्घ री, जिल्ह्याचं ठिकाण असूनही ते पहिलीच्या हाताबाहेरचं. तिथे दुसरीतून तिसरीत गेलेली ताई मदतीला लागते, आणि ती ते सांगून झाल्यावर लगेच वर विचारते, “आता तू लिहून दाखव.”