चूक कार्यालयाची, वसुली निवृत्ताकडून?

सरकारी नोकरीतून निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती शेवटच्या काही महिन्यांत अनेक कागद पडतात. त्यांपैकी एका कागदावर कधी कधी ‘अतिप्रदान’ हा शब्द असतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वी वेतननिश्चिती करताना चूक झाली, त्यामुळे दरमहा जादा वेतन दिले गेले आणि ती सारी रक्कम आता उपदानातून वळती करण्यात येईल, असा त्या कागदाचा आशय असतो. मुलीच्या लग्नासाठी, घराच्या शेवटच्या हप्त्यांसाठी ज्या रकमेचा हिशेब मनात पक्का झालेला असतो, ती रक्कम हातात पडण्यापूर्वीच निम्मी होते. बहुतेक जण ‘सरकारचे पैसे आहेत, द्यावेच लागणार’ असे म्हणून सही करून मोकळे होतात. ही सही करण्यापूर्वी कायदा काय सांगतो, हे मात्र पाहायला हवे. चुकून मिळालेला प्रत्येक रुपया परत करावाच लागतो असे नाही. तसेच तो कधीच परत करावा लागत नाही, असेही नाही.

चूक होते कुठे?

वेतन आयोग लागू झाला की प्रत्येक कर्मचाऱ्याची वेतननिश्चिती नव्याने होते. पदोन्नती, आश्वासित प्रगती योजनेचा लाभ, वेतनवाढीची तारीख यांची नोंद सेवापुस्तकात होते. संगणक अर्हता परीक्षा विहित मुदतीत उत्तीर्ण न झाल्यामुळे थांबवायची वेतनवाढ तशीच चालू राहते. एखादा शासन निर्णय कार्यालयाने चुकीच्या अर्थाने वाचलेला असतो. पदोन्नतीच्या वेळी वेतन एक टप्पा वर निश्चित होते. चूक लहान असते; पण पुढची प्रत्येक वेतनवाढ आणि महागाई भत्ता त्याच पायावर उभा राहतो. दरमहा अवघे ६०० रुपये जादा गेले असे धरले, तरी बारा वर्षांत ही रक्कम ८६ हजार ४०० रुपयांवर जाते.

ही चूक इतकी वर्षे कोणाच्या लक्षात येत नाही, याचेही कारण आहे. सेवापुस्तकाची बारकाईने तपासणी होते ती मुख्यतः निवृत्तीच्या तोंडावर. वेतन पडताळणी पथक आक्षेप नोंदवते किंवा निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव महालेखापालांच्या कार्यालयातून शेऱ्यासह परत येतो. ज्या लिपिकाने चूक केली तो बदलून गेलेला असतो आणि ज्या अधिकाऱ्याने सही केली तो स्वतःच निवृत्त झालेला असतो. समोर उरतो तो फक्त ज्याला पैसे मिळाले तो कर्मचारी.

दोन्ही बाजूंचा न्याय

वसुलीच्या बाजूने असणारा युक्तिवाद दुबळा नाही. हा पैसा करदात्यांचा आहे. तो चुकून कोणाच्या हाती गेला म्हणून त्याचा होत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये उत्तराखंडमधील एका प्रकरणात घेतली होती. कोणी फसवणूक केली नसली, तरी जादा दिलेली रक्कम सामान्यतः परत घेता येते, असे त्या निकालाचे सूत्र होते.

दुसऱ्या बाजूला १९९० च्या दशकापासून न्यायालयांनी आणखी एक गोष्ट वारंवार सांगितली आहे. कर्मचाऱ्याने खोटी माहिती दिलेली नाही आणि चूक सर्वस्वी कार्यालयाची आहे, तर कित्येक वर्षांनी त्याच्याकडून वसुली करणे अन्यायाचे ठरू शकते. ज्या वेतनाला तो आपले समजत होता, ते त्याने संसारात खर्च केलेले असते. मात्र हे संरक्षण म्हणजे कर्मचाऱ्याचा जादा रकमेवरील हक्क नव्हे. वसुलीमुळे होणारा जाच टाळण्यासाठी न्यायालय आपल्या अधिकारात दिलासा देते, हेही न्यायालयांनी स्पष्ट केले आहे. केरळमधील एका निवृत्त शिक्षकाला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलासा दिला, तोही याच तत्त्वावर.

वसुलीला मनाई असलेल्या पाच परिस्थिती

या दोन भूमिकांमधला मार्ग सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी ‘पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह’ या निकालात आखून दिला. आज अतिप्रदानाचे प्रत्येक प्रकरण याच निकालाच्या कसोटीवर तपासले जाते. पुढील पाच परिस्थितींत वसुली करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले.

१. कर्मचारी तृतीय किंवा चतुर्थ श्रेणीतील, म्हणजे गट क किंवा गट ड मधील असेल.

२. कर्मचारी निवृत्त झालेला असेल किंवा वसुलीच्या आदेशापासून एका वर्षाच्या आत निवृत्त होणार असेल.

३. वसुलीचा आदेश निघण्यापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली जात असेल.

४. कर्मचाऱ्याकडून वरच्या पदाचे काम चुकीने करून घेतले गेले असेल आणि त्याच पदाचे वेतन त्याला दिले गेले असेल.

५. वसुली इतकी जाचक किंवा मनमानी ठरेल की तिच्यापुढे सरकारचा वसुलीचा अधिकार फिका पडेल, असे न्यायालयाला वाटेल.

केंद्राच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाने २ मार्च २०१६ रोजी कार्यालयीन आदेश काढून हीच पाच कलमे आपल्या खात्यांना कळवली. वसुली माफ करण्यासाठी वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाची मंजुरी मात्र आवश्यक ठेवली.

येथे एक भेद ध्यानात ठेवायला हवा. वसुली थांबली, तरी चुकीचे वेतन पुढे चालू राहत नाही. वेतन नियमाप्रमाणे पुन्हा निश्चित करण्याचा अधिकार सरकारला राहतो आणि निवृत्तिवेतन त्या सुधारित वेतनावरच ठरते. मागच्या रकमेची वसुली आणि पुढच्या वेतनाची दुरुस्ती हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तक्रार अर्जात त्यांची गल्लत झाली की मूळ मुद्दाही कमकुवत होतो.

हमीपत्राची मेख

या संरक्षणाला मोठी चीर पडली ती जुलै २०१६ मध्ये. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतील एका न्यायिक अधिकाऱ्याने सुधारित वेतनश्रेणी स्वीकारताना ‘जादा रक्कम मिळाल्यास परत करीन’ असे हमीपत्र दिले होते. अशी हमी दिल्यावर केवळ निवृत्तीचे कारण पुढे करून वसुली टाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. त्या प्रकरणात दोन वर्षांत सोयीच्या हप्त्यांनी वसुली करण्याची मुभा देण्यात आली.

परिणामी कार्यालये आता प्रत्येक टप्प्यावर हमीपत्र घेतात आणि वसुलीच्या वेळी तेच पुढे करतात. पण प्रत्येक हमीपत्राचे वजन सारखे नसते. ते वेतननिश्चितीच्या वेळी दिलेले आहे की निवृत्तिवेतनाची कागदपत्रे अडतील या भीतीने शेवटच्या आठवड्यात लिहून घेतलेले आहे? ज्या चुकीबद्दल वसुली होत आहे, त्याच लाभाशी ते संबंधित आहे काय? कर्मचारी कोणत्या गटातील होता? हे प्रश्न प्रशासकीय न्यायाधिकरणात आणि उच्च न्यायालयात विचारले जातात. म्हणून आपण कोणत्या कागदावर केव्हा सही केली, याची प्रत प्रत्येकाने जपून ठेवावी.

निवृत्तिवेतनात कपात

दुसरा प्रकार निवृत्तीनंतरचा. येथे जादा रक्कम कोषागाराकडून किंवा बँकेकडून जाते. कुटुंबनिवृत्तिवेतनात हे विशेष घडते. निवृत्तीनंतर पतीचे निधन झाले, तर केंद्राच्या नियमांनुसार पत्नीला वाढीव दराने कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते ते सात वर्षे किंवा दिवंगत व्यक्ती ६७ वर्षांची झाली असती त्या दिवसापर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवरच. ती तारीख उलटूनही वाढीव दर चालू राहिला की काही वर्षांनी लाखोंची वसुली निघते.

अशा वेळी बँकेने परस्पर खात्यातून रक्कम कापावी काय? आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या एका वयोवृद्धाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२० मध्ये याचे स्पष्ट उत्तर दिले. निवृत्तिवेतन किती, हे ठरवण्याचा अधिकार मंजुरी देणाऱ्या कार्यालयाचा आहे. बँकेने तो स्वतःकडे घेऊन परस्पर कपात करणे बेकायदा आहे, असा त्या निकालाचा आशय होता. जानेवारी २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा वसुलीसंबंधीची आपली जुनी परिपत्रके मागे घेतली आणि वसुलीची पद्धत मंजुरी देणाऱ्या प्राधिकाऱ्यांकडून जाणून घेण्यास बँकांना सांगितले. चूक बँकेचीच असेल, तर निवृत्ताकडून पैसे येण्याची वाट न पाहता बँकेने ती रक्कम सरकारकडे एकरकमी भरायची असते.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम १३४-अ महत्त्वाचा आहे. या नियमाने शासनाला निवृत्तिवेतनातून जादा रक्कम वसूल करण्याचा अधिकार दिला आहे. पण त्याआधी संबंधिताला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देण्याचे बंधनही घातले आहे. हप्त्यांनी वसुली करण्याची तरतूदही याच नियमात आहे.

नोटीस आल्यावर

पहिली गोष्ट म्हणजे घाईने पैसे भरू नयेत आणि संमतीपत्रावर सही करू नये. नोटीस न देता थेट कपात झाली असेल, तर तोच पहिला आक्षेप ठरतो. कर्मचाऱ्याचे म्हणणे न ऐकता त्याचे वेतन कमी करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच सांगितले आहे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. चूक कोणत्या तारखेला झाली, कोणत्या नियमाचा भंग झाला, रक्कम महिनावार कशी निघाली, हे लेखी मागावे. कार्यालयाने दिले नाही, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज करून वेतननिश्चितीचे विवरणपत्र, सेवापुस्तकातील संबंधित पाने आणि पडताळणी पथकाचा शेरा यांच्या प्रती मागता येतात. माहितीसाठी सामान्यतः तीस दिवसांची मुदत आहे. हिशेबच चुकीचा निघाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

तिसरी गोष्ट लेखी उत्तराची. आपला गट, निवृत्तीची तारीख, चूक किती वर्षे चालली आणि आपण कोणतीही खोटी माहिती दिली नव्हती, हे चार मुद्दे त्यात क्रमाने यावेत आणि २०१४ च्या निकालाचा उल्लेख असावा. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नये.

चौथी गोष्ट मुदतीची. राज्य शासकीय कर्मचाऱ्याला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे ‘मॅट’कडे जाता येते, त्याची पीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. केंद्रीय कर्मचाऱ्यासाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. अंतिम आदेशापासून सामान्यतः एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि त्यासोबतच वसुलीला अंतरिम स्थगिती मागता येते. जिल्हा परिषदेचे कर्मचारी आणि अनुदानित शाळांतील शिक्षक यांना सामान्यतः उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते.

हप्ता थकला की वसुली एजंट

अतिप्रदानाच्या वसुलीसाठी दारात एजंट येत नाही. ती वसुली कार्यालयाच्या कागदावरून होते. पण अनेक निवृत्तांनी निवृत्तिवेतनाच्या भरवशावर कर्ज घेतलेले असते. निवृत्तिवेतनाला कात्री लागली की कर्जाचा हप्ता थकतो आणि मग बँकेचा वसुली एजंट दार ठोठावतो. एका चुकीतून दुसरे देणे असे उभे राहते. म्हणून कपातीची चाहूल लागताच बँकेला लेखी कळवून हप्ता पुनर्रचित करून घेणे शहाणपणाचे ठरते.

एजंटाने कसे वागावे याचेही नियम आहेत. सकाळी आठच्या आधी आणि सायंकाळी सातनंतर थकबाकीसाठी दूरध्वनी करू नये, धमकी देऊ नये, नातेवाइकांत वा शेजाऱ्यांत बदनामी करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले. एजंटाकडे ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र मागावे. बँकेकडे केलेल्या तक्रारीची तीस दिवसांत दखल घेतली गेली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. ‘जादा निवृत्तिवेतन वसुली’च्या नावाखाली दूरध्वनीवरून ओटीपी किंवा खात्याचा तपशील मागणारा मात्र भामटाच समजावा.

जिथे परत करणेच योग्य

या साऱ्या संरक्षणाचा पाया कर्मचाऱ्याचा प्रामाणिकपणा हा आहे. खोटे प्रमाणपत्र दिले, वस्तुस्थिती लपवली किंवा चूक माहीत असूनही गप्प राहून लाभ घेतला, तर हा पाया ढासळतो. निवृत्तिवेतनधारकाच्या निधनानंतरही खात्यात रक्कम जमा होत राहिली, तर ती वारसांची नसते. मृत्यूची माहिती बँकेला आणि कोषागाराला तातडीने द्यावी आणि ती रक्कम खर्चू नये. पुनर्विवाह, नोकरी, मुलांचे वय यांसारखे बदलही वेळीच कळवावेत.

निवृत्तीच्या दारात उभ्या राहणाऱ्या वसुलीवर खरा उपाय त्याआधीच्या वर्षांत आहे. सेवापुस्तकाची दुय्यम प्रत मागून घेणे, प्रत्येक वेतननिश्चितीनंतर विवरणपत्र स्वतः तपासणे आणि शंका आल्यास लेखी विचारणे, एवढे प्रत्येक कर्मचाऱ्याला करता येते. आणि कार्यालयांनी पडताळणी निवृत्तीपर्यंत न लांबवता प्रत्येक वेतन आयोगानंतर पूर्ण केली, तर चूक सहा महिन्यांची राहील, पंधरा वर्षांची होणार नाही. सहा महिन्यांची चूक कर्मचारीही विनातक्रार फेडील.