कोकण रेल्वेची लटकती गाडी : स्कायबस

सावर्डे स्टेशनवर गाडीची वाट पाहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की याच कोकण रेल्वेने कधीकाळी हवेत लटकत धावणारी गाडी बनवली होती?

तिचं नाव स्कायबस. कल्पना रेल्वे अभियंते बी. राजाराम यांची. रस्त्याच्या मधोमध खांब, त्यांवर काँक्रीटची पोकळ पेटी, पेटीच्या आत रूळ. विजेच्या मोटारी असलेली चाकं आत धावणार आणि प्रवासी डबा खाली लटकणार. वेगळं इंजिन नाही, भूसंपादनही फारसं नाही!

मडगावला सुमारे दीड किलोमीटरचा चाचणी मार्ग उभा राहिला. २५ सप्टेंबर २००४ रोजी चाचणीत डबा खांबावर आदळला आणि एका कर्मचाऱ्याचा जीव गेला. प्रवासी सेवा कधीच सुरू झाली नाही. २०१३ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला.

जर्मनीतल्या वुपरटाल शहरात मात्र १९०१ पासून लटकती रेल्वे धावते आहे. तिथला १९०० सालचा 'कैसरवागन' हा डबा आजही जपलेला आहे आणि खास फेऱ्यांसाठी चालवलाही जातो.

फसलेला प्रयोगही अभियांत्रिकीचा इतिहासच असतो. स्कायबसचे फोटो, आराखडे, चाचणीच्या आठवणी कोणाकडे असतील तर जपा आणि इथे जरूर सांगा.

#कोकणरेल्वे #स्कायबस #रेल्वेवारसा