व्यक्तिचित्रकाराला वर्तमानपत्र का हवं होतं?

अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये व्यक्तिचित्रकाराचा धंदा ओळखीपाळखीवर चाले, असं सरसकट मानलं जातं. एका उमरावाने चित्र काढून घेतलं की पाठोपाठ त्याचा मेहुणा येणार, मग मेहुण्याचा शेजारी. हे खरं आहे, पण अपुरं आहे. १७६० पासून तिथे चित्रप्रदर्शनं भरू लागली, १७६९ पासून रॉयल अकॅडमीचं वार्षिक प्रदर्शन सुरू झालं. भिंती जवळजवळ छतापर्यंत चित्रांनी भरलेल्या असत आणि सूचीत एखाद्या चित्रापुढे नुसतं ‘एका स्त्रीचं व्यक्तिचित्र’ एवढंच छापलेलं असे. ती स्त्री कोण, हे वर्तमानपत्रं सांगत. माझ्या मते चित्रकाराला वर्तमानपत्राचा खरा उपयोग इथेच होता. चित्र चांगलं की वाईट हा निवाडा दुय्यम. कोण कोणाकडे चित्राला बसलं, ही बातमी गावभर होणं महत्त्वाचं.

व्यक्तिचित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सला हे फार लवकर उमगलं असावं. मार्च १७५९ मध्ये किटी फिशर या गाजलेल्या गणिकेने ‘पब्लिक ॲडव्हर्टायझर’मध्ये निवेदन छापून तक्रार केली, की वर्तमानपत्रं आपली बदनामी करतात आणि छापील चित्रांचे दुकानदार आपल्या नावाने भलतीच चित्रं विकतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती रेनॉल्ड्सपुढे बसली. त्याने तिला मद्याच्या प्याल्यात मोती सोडणारी क्लिओपात्रा केलं आणि त्या चित्राच्या छापील प्रतीही निघाल्या. तिच्या नावाचा बोलबाला आधीच होता. चित्रकाराने त्याला चेहरा दिला, आणि त्या बोलबाल्याचा वाटा त्याच्याही पदरात पडला.

चित्रकार थॉमस गेन्सबरोने तर वर्तमानपत्राच्या बळावर अकॅडमीशी उघड भांडण केलं. हेन्री बेट हा पाद्री, ‘मॉर्निंग हेरल्ड’चा संपादक आणि त्याचा मित्र. गेन्सबरोने बेटचं चित्र काढलं. बेटने आपल्या पत्रात वर्षानुवर्षं त्याची बाजू लावून धरली. १७८४ मध्ये गेन्सबरोने तीन राजकन्यांचं पूर्णाकृती चित्र प्रदर्शनाला पाठवलं. त्यातला उजेड इतका हळुवार होता, की चित्र साडेपाच फुटांहून उंच टांगू नये, असं त्याने लिहून कळवलं. पूर्णाकृती चित्रं दाराच्या वरच लावायची, हा अकॅडमीचा दंडक होता आणि तो मोडायला ती तयार झाली नाही. गेन्सबरोने सगळी चित्रं परत नेली आणि पॅल मॅल रस्त्यावरच्या आपल्याच घरात प्रदर्शन मांडलं. अकॅडमीत त्याने पुन्हा कधीच चित्र लावलं नाही. राजघराण्याची मर्जी त्याच्या पाठीशी होतीच, पण घरातल्या भिंतीवर काय लागलं आहे, हे शहराला सांगणारा रकाना हाती नसता, तर हा बाणेदारपणा परवडला असता का?

यावर कोणी म्हणेल, मित्राने लिहिलेल्या किंवा पैसे देऊन छापवलेल्या स्तुतीला किंमत ती काय? वाचकही भाबडे नव्हते. अशी विकतची स्फुटं सर्रास छापली जातात, हे त्यांना ठाऊक होतं. पण स्तुतीवर विश्वास बसला नाही, तरी नाव लक्षात राहतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चित्रकार जॉर्ज रॉम्नीने १७७२ नंतर प्रदर्शनात चित्र ठेवलं नाही, तरी त्याच्याकडे गिऱ्हाइकांची रीघ असे. मात्र त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी छापील शब्द खर्ची घातले होते: कवी विल्यम हेली याने १७७८ मध्ये चित्रकलेवरचं एक दीर्घ काव्यच रॉम्नीला उद्देशून प्रसिद्ध केलं. तेव्हा छापील प्रसिद्धीवाचून कोणी मोठा झाला, असा पुरावा रॉम्नीत सापडत नाही.

आश्रयदाता, कवी, संपादक यांपैकी कोणीच ज्याच्या बाजूला नाही, त्याने काय करायचं? अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये जोशुआ जॉन्सन या चित्रकारापुढे हाच प्रश्न होता. तो जन्माने गुलाम, १७८२ मध्ये मुक्त झालेला. डिसेंबर १७९८ मध्ये त्याने ‘बाल्टिमोर इंटेलिजन्सर’मध्ये जाहिरात दिली आणि आपण कोणाच्या हाताखाली न शिकता, अनेक अडथळे सोसून ही कला कमावली, असं तिथे अभिमानाने सांगितलं. लंडनच्या चित्रकारांसाठी वर्तमानपत्रातून दुसरे बोलत. जॉन्सनला स्वतःची शिफारस स्वतःच करावी लागली, आणि त्याने ती मान खाली न घालता केली.