पुळणीवरचा बर्फ

शनिवारी सकाळी मांडव्याच्या जेट्टीवर उभं राहावं. भाऊच्या धक्क्याहून निघालेली रो-रो बोट येऊन लागते, तिचा अवजड दरवाजा पुलासारखा खाली टेकतो आणि पोटातून एकामागून एक गाड्या बाहेर पडू लागतात. मार्च २०२० मध्ये ही बोट सुरू झाली आणि मुंबईची गाडी तासाभरात समुद्र ओलांडून रायगडात उतरू लागली. या रांगेत एखादी लांब नाकाची, रुंद टायरांची, अडीचशे घोड्यांची गाडीही असते. इंजिन पुढे आणि सगळी ताकद मागच्या दोन चाकांना. रस्त्याला लागताच ती अशी सुटते की बघणाऱ्याची मान आपोआप वळते.

संध्याकाळी अशीच एखादी गाडी किहीमच्या किंवा नागावच्या पुळणीवर अर्ध्या चाकापर्यंत रुतलेली दिसते. आतला माणूस रेस देतोय, मागची चाकं भिंगरीसारखी गरगरतायत, वाळूचे फवारे उडतायत आणि गाडी बोटभरही पुढे सरकत नाही. भरतीचं पाणी मात्र सरकतंय. अखेर गावातून ट्रॅक्टर बोलावला जातो. जेमतेम पन्नास घोड्यांचा, आणि बहुतेकदा तोही मागच्याच चाकांवर चालणारा! दोर बांधतात, ट्रॅक्टर धुगधुगत पुढे निघतो आणि गाडी बाहेर येते.

जे अडीचशे घोड्यांना जमलं नाही, ते पन्नासांनी केलं. असं कसं?

या कोड्याचं उत्तर हाती लागलं, तर जानेवारीत मिनेसोटाच्या बर्फात मागच्या चाकांची गाडी हाकणाऱ्या मराठी माणसाला काय काय करावं लागतं, तेही कळतं. मांडव्याला बर्फ कधी पडत नाही. तरी बर्फावर गाडी का फसते ते शिकायला कोकणची पुळण पुरते.

सुरुवात टायरापासून करू. गाडीचं वजन १७०० किलो धरा, म्हणजे एका चाकावर साधारण सव्वाचारशे किलो. टायरात हवा ३२ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोचा दाब. आता सव्वाचारशेला सव्वादोननं भागा. उत्तर येतं सुमारे १९० चौरस सेंटिमीटर. रस्त्याला टेकलेला टायरचा तुकडा साधारण एवढाच असतो, एका पसरलेल्या पंजाएवढा! वळणं, ब्रेक, वेग, आत झोपलेली मुलं, सगळं या चार तळव्यांवर चाललेलं असतं. आणि मागच्या चाकांच्या गाडीत ते अडीचशे घोडे त्यांतल्या दोनच तळव्यांतून जमिनीपर्यंत पोचतात.

त्याहून मोठं नवल पुढे आहे. गाडी ताशी १०० किलोमीटरनं धावत असताना टायरचा तळ किती वेगानं जात असतो? शून्य! टायरचा माथा ताशी २०० नं पुढे जातो आणि रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणी स्थिर असतो. चाक खरं तर पावलं टाकत असतं, एक पाऊल टेकवून दुसरं उचलत. पाऊल घट्ट टेकलेलं असेतो जमीन गाडीला पुढे ढकलते. पाऊल सटकलं की पकड कमी होते, आणि चाक जागीच फिरू लागतं. म्हणून गरगरणाऱ्या चाकाला आणखी रेस देऊन काही साधत नाही. ताकद कमी पडलेलीच नसते, ती टेकवायला जागा नसते.

कोरड्या डांबरावर पकड वजनाच्या सुमारे ०.८ पट मिळते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ती ०.२ ते ०.३ वर येते, आणि गोठलेल्या गुळगुळीत थरावर ०.१ च्या आसपास. शिवाय हिशोबात धरायचं ते फक्त ताकद मिळणाऱ्या चाकांवरचं वजन. बाकीचं वजन ओझं म्हणूनच सोबत येतं.

मग गाडी बनवणाऱ्यांनी ताकद मागच्या चाकांना दिलीच का? एसटी झटक्यानं सुटली की आपण पाठीला टेकतो, तसा गाडीचा भारही सुटताना मागे झुकतो. मागची चाकं जमिनीवर आणखी दाबली जातात, आणि नेमकी तीच ढकलणारी असतात. जितकं जोरात निघाल तितकी पकड वाढते! पुढची चाकं वळण्यापुरती मोकळी राहतात. कोरड्या रस्त्यावर ही रचना इतकी सुरेख चालते की जोरदार गाड्यांचे शौकीन आजही तिच्यावर जीव टाकतात.

पण भार मागे झुकायला गाडी आधी जोरात निघावी लागते, आणि जोरात निघायला आधी पकड लागते. बर्फावर आणि भुसभुशीत वाळूत पहिलीच पायरी निसटते. पकड नाही म्हणून वेग नाही, वेग नाही म्हणून भार मागे येत नाही, आणि भार नाही म्हणून पकड नाही. आपल्या जुन्या अ‍ॅम्बॅसेडर आणि पद्मिनी मागच्याच चाकांवर चालायच्या. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० नं इंजिन आणि ताकद दोन्ही पुढच्या चाकांवर आणून ठेवली. इंजिनचं वजन सतत त्याच चाकांवर बसलेलं असल्यामुळे अशी गाडी निसरड्यावर निघताना कमी रुसते.

निघाली तरी वळणाचा धोका उरतोच. टायरजवळची पकड म्हणजे जत्रेला निघताना खिशात मिळालेले शंभर रुपये. पुढे ढकलण्यावर उधळलेत, तर आडव्या दिशेला गाडी धरून ठेवायला काही उरत नाही. बर्फातल्या वळणावर अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला की मागची चाकं सगळी पकड फिरण्यातच खर्चून टाकतात. मग मागचा भाग बाजूला सरकतो आणि गाडीची शेपूट नाकाच्या पुढे जाऊ बघते. अशा वेळी ज्या बाजूला शेपूट चाललीय त्याच बाजूला स्टिअरिंग वळवायचं असतं, आणि पाय हळूच सैल करायचा असतो. झटक्यानं काढला तर इंजिनच मागच्या चाकांना ब्रेक लावतं, आणि घसरण वाढते. आजच्या गाड्यांतला संगणक चारही चाकांचा वेग सतत ताडून पाहतो, एखादं जास्त फिरतंय असं दिसताच त्याला हलकेच ब्रेक लावतो आणि इंजिनलाही आवरतं घेतो. पापणी लवायच्या आत हे होऊन गेलेलं असतं! पण जिथे पकडच नाही, तिथे ती कोणताही संगणक निर्माण करू शकत नाही.

आता ट्रॅक्टरचं कोडं सुटतं. त्याचं बहुतेक वजन थेट मागच्या चाकांवर असतं, आणि मागे ओझं जोडलं की आणखी भार तिकडेच येतो. शेतकरी त्या टायरांत पाणी भरतात ते याचसाठी. टायर प्रचंड, हवा कारच्या निम्म्यानं, अंगावर जाड खाचा आणि चाल संथ. तळव्यांऐवजी चक्क सुपं टेकवून चालतो म्हणा ना. बैलगाडीची गोष्ट तर आणखी साधी. तिच्या चाकाला कुणी फिरवतच नाही, ते फक्त मागून येतं. जमीन रेटतो तो बैलाचा खूर, आणि तो दुभंगलेला खूर मऊ जमिनीत पसरतो!

आणि ती वाळू? तिचा स्वभाव मला तर इंजिनाहून विलक्षण वाटतो. कोरड्या वाळूत पाय रुततो. तिथून दहा पावलं पाण्याकडे या, ओहोटीनं नुकत्याच उघड्या पडलेल्या पट्ट्यावर सायकलसुद्धा चालते. आणखी पुढे, पाण्यानं डबडबलेल्या जागी, पुन्हा सगळं ढिलं. वाळू तीच, फरक फक्त पाण्याचा. ओलसर वाळूत दोन कणांमध्ये पाण्याचे इवलेसे पूल तयार होतात आणि पाण्याचा ताण कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. मुलांचा वाळूचा किल्ला उभा राहतो तो याच ताणावर. वाळू कोरडी झाली की पूल नाहीसे होतात. पाणी जास्त झालं की कणांमधली सगळी जागा भरते, ओढ संपते आणि कण एकमेकांवरून घसरू लागतात.

ओल्या वाळूवर पाऊल टाकलं की भोवती क्षणभर पांढुरकं, कोरडं वलय उमटतं, ते तुम्ही पाहिलं असेल. दाबल्यावर पाणी वर यायला हवं, मग वाळू सुकते कशी? ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञानं १८८५ मध्ये याचा उलगडा केला. घट्ट बसलेले कण एकमेकांवरून सरकायला निघाले की त्यांना जास्त जागा लागते, कणांमधल्या पोकळ्या वाढतात आणि वरचं पाणी आत खेचलं जातं. म्हणजे तुमच्या पायाखाली वाळू आक्रसत नाही, फुगते!

माणूस उभा असताना वाळूवर जेवढा दाब देतो, त्याच्या जवळपास दहापट दाब कारचा टायर देतो. ओलसर पट्ट्यावर तो कसाबसा पेलला जातो. गाडी कोरड्या भागात शिरली की चाक फिरतं, मागे वाळू फेकतं आणि स्वतःसाठी खड्डा खणतं. शेवटी गाडीचं पोट वाळूवर टेकतं, चाकांवरचं वजनच उतरतं आणि खेळ संपतो. ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तासांहून थोडाच जास्त वेळ असतो. आपल्या उतरत्या, पसरट किनाऱ्यावर पाणी उभं चढतं त्याच्या कितीतरी पट आडवं पुढे येतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर माणसं नेणारे घोडागाडीवाले म्हणूनच आधी समुद्राकडे बघतात, मग घोड्याकडे. खरं तर पुळणीवर गाडी नेऊच नये. ती जागा खेकड्यांच्या बिळांची आणि चालणाऱ्या पायांची आहे. पण एखादी फसलीच, तर रेस देणं ताबडतोब थांबवावं, चाकांपुढची वाळू हातानं उपसावी, टायरातली हवा निम्म्यावर आणावी आणि चाकाखाली नारळाच्या झावळ्या घालाव्यात. हवा निम्मी झाली की मघाच्याच भागाकारानं तळवा जवळपास दुप्पट होतो!

आपल्याकडे बर्फाच्या जवळ जाणारा दिवस वर्षातून एकदा येतो, पहिल्या पावसाचा. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ त्या पहिल्या सरीत कालवली जाते, आणि चोंढीच्या वळणावर मोटारसायकली आडव्या होऊ लागतात. चार धुवांधार सरी पडल्या की थर वाहून जातो, रस्ता पुन्हा शहाणा होतो.

मिनेसोटात ही सूट महिनोन् महिने मिळत नाही. बर्फाच्या पृष्ठभागावर, शून्याच्या खालीसुद्धा, पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर असतो. मायकेल फॅरडेला १८५० मध्येच त्याची चाहूल लागली होती, दोन बर्फाचे तुकडे एकमेकांना टेकताच चिकटतात यावरून. शून्याच्या जवळची थंडी म्हणूनच गाडीला कडाक्याच्या थंडीहून जास्त घसरवते. शिवाय साधं रबर सात अंशांच्या खाली कडक होऊ लागतं, म्हणून तिथे हिवाळ्याचे टायर वेगळे. त्यांच्या रबरात सिलिका मिसळतात, त्यामुळे ते थंडीतही मऊ राहतं, आणि अंगभर बारीक चिरा असतात. त्या चिरांत बर्फ भरतो आणि खालच्या बर्फाला चिकटतो, हातात दाबलेल्या बर्फाच्या गोळ्यासारखा. बर्फच बर्फाला धरून ठेवतो!

आणि ही सिलिका येते कुठून? गारेची वाळू सोड्याबरोबर भट्टीत वितळवून. गाडी रुतवणारी वाळू अशी गाडी सावरणाऱ्या टायरातच जाऊन बसते.

मिनेसोटातलं वाळूचं काम एवढ्यावर संपत नाही. मागच्या चाकांची पिकअप बाळगणारे लोक हिवाळा लागताच मागच्या आसाच्या वर वाळूच्या गोण्या घट्ट बांधून ठेवतात. इंजिन पुढे असल्यानं मागची बाजू हलकी असते, गोण्यांनी ती जमिनीवर दाबली जाते. ट्रॅक्टरच्या टायरातल्या पाण्याचं काम तिथे वाळू करते. आणि एखाद्या पहाटे चाक तरीही जागीच गरगरत राहिलं, तर त्यातलीच एक गोणी फोडतात आणि वाळू टायरापुढे पसरतात.