दाबाचा हिशेब

संपादकांनी ब्रेकमधील फेरफारांविषयी लिहावयास सांगितले, म्हणून पुण्याच्या नाना पेठेतील एका ब्रेकदुरुस्तीच्या दुकानात जाणे झाले. आणि तेथील वयोवृद्ध मिस्त्रींनी निकामी झालेला एबीएसचा, म्हणजे चाके जखडू न देणाऱ्या ब्रेकयोजनेचा, मॉड्युलेटर उघडून समोर ठेवला, तेव्हा दुकानातील इतर सर्व सामानावरून माझे लक्ष उडाले.

या यंत्राचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येण्यासारखा आहे. धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानांची चाके जखडू नयेत म्हणून डनलॉपने 1950 च्या दशकात मॅक्सारेट नावाची यांत्रिक योजना प्रचारात आणली. 1966 साली ती जेन्सन एफएफ या मोटारीत बसली. आणि 1978 साली बॉशने तिचे विद्युत्-नियंत्रित रूप मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आणले. आपल्याकडे 125 सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीचे झाले.

मला मोह पडला तो त्या ॲल्युमिनियमच्या लहानशा ठोकळ्याचा. त्यात प्रत्येक चाकासाठी दोन झडपा असतात: एक दाब आत घेणारी, दुसरी तो बाहेर सोडणारी. चाकाच्या हबवरील दातेरी चकतीसमोर बसलेला सेन्सर चाकाच्या वेगाची वर्दी अखंड देत असतो. एखादे चाक इतरांपेक्षा एकाएकी मंदावले, म्हणजे ते आता जखडणार असे ओळखून पहिली झडप बंद होते, तेवढ्याने न भागल्यास दुसरी उघडते, चाक पुन्हा फिरू लागते आणि दाब परत वाढविला जातो. हे सारे एका सेकंदात अनेकदा घडते आणि पायाखालचे पेडल थरथरते. डांबरी रस्त्यावर चाक गाडीच्या वेगाहून साधारण दहा ते तीस टक्के मागे असताना टायरची पकड सर्वाधिक असते. त्या अरुंद पट्ट्यात चाकाला राखून ठेवणे आणि त्यायोगे चालकाच्या हाती स्टिअरिंगची सत्ता शाबूत ठेवणे, एवढाच या यंत्राचा अधिकार. गाडी कमी अंतरात थांबेल असे आश्वासन त्याने सर्व प्रकारच्या रस्त्यांसाठी कधीच दिलेले नाही.

ज्या गिऱ्हाइकाला "कडक ब्रेक" हवा असतो, त्याला मिस्त्री प्रथम मास्टर सिलिंडर दाखवितात. पाऊण इंची सिलिंडर काढून एक इंची बसविला की पिस्टनचे क्षेत्रफळ पावणेदोन पटींहून अधिक होते. सबब पायाचा जोर तोच राहिला तर नळीतील दाब निम्म्याहून किंचितच अधिक उरतो. "साहेब, पेडल कडक झालं म्हणजे ब्रेक वाढला असं नसतं," ते म्हणाले, "उलट तो कमी झालेला असतो." मोठ्या पिस्टनचे कॅलिपर लावले तर गणित उलट फिरते: जोर वाढतो, पण त्यांना तेल अधिक लागते आणि पेडल खोल जाते. शिवाय मॉड्युलेटरातील प्रत्येक उघडझाप मूळच्या कॅलिपरांचा हिशेब धरून ठरविलेली असते. कॅलिपर बदलले तरी तो जुन्याच हिशेबाने दाब सोडत राहतो. नोंदणी-दाखल्यातील निर्मात्याच्या तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मनाई करते. परंतु ते कलम ठाऊक असलेले गिऱ्हाईक दुकानात क्वचितच येते.

एबीएसच्या उणिवा मिस्त्री लपवीत नाहीत. खडी पसरलेल्या घाटरस्त्यावर जखडलेले चाक रुतते आणि पुढ्यात खडीचा बांध रचून गाडी अडविते. एबीएस त्या चाकाला फिरते ठेवते, म्हणून गाडी अधिक लांब जाते. खाचखळग्यांच्या रस्त्यावर चाक क्षणभर हवेत उचलले जाताच ते ब्रेकने झटकन मंदावते, सेन्सरला तो घसरण्याचा प्रकार वाटतो, आणि ऐन गरजेच्या वेळी दाब सुटतो. पेडलची थरथर अपरिचित असल्याने घाबरून पाय उचलणारे चालकही कमी नाहीत. 1980 च्या दशकात म्युनिकच्या टॅक्सींची जी पाहणी झाली, तीत एबीएस असलेल्या गाड्यांचे अपघात फारसे घटलेले आढळले नाहीत, कारण चालक अधिक बेदरकारपणे गाडी हाकू लागले होते. ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. दुरुस्तीच्या अडचणी वेगळ्याच. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि ते वेळेवर बदलले नाही तर आतल्या बारीक झडपा गंजून अडकतात. मॉड्युलेटरात हवा शिरली तर कित्येक गाड्यांत ती केवळ पेडल मारून निघत नाही, संगणक जोडून आतला पंप आणि झडपा चालवाव्या लागतात. ते साधन या दुकानात नाही.

या सर्व तक्रारींवर कित्येक तरुणांनी शोधलेला उपाय म्हणजे एबीएसचा फ्यूजच काढून टाकणे. पण तो धोक्याचा आहे. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे कलतो आणि मागील चाके हलकी होतात, म्हणून त्यांच्यावरचा दाब आवरावा लागतो. जुन्या गाड्यांत त्यासाठी स्वतंत्र झडप असे. अलीकडच्या अनेक गाड्यांत ती नाही, ते कामही याच ठोकळ्याकडे सोपविलेले आहे. तेव्हा अशा गाड्यांत फ्यूज निघाला की जोरात ब्रेक मारताना मागची चाके आधी जखडू शकतात आणि गाडी गरकन फिरू शकते. हे समजावून सांगूनही जो ऐकत नाही, त्याचे काम मिस्त्री घेत नाहीत. तो पलीकडच्या गॅरेजात जातो आणि तेथे ते दोन मिनिटांत होते.