ऐकून शिकायचं मानववंशशास्त्र

मानववंशशास्त्र म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर कवटी येते, नाहीतर जंगलात राहणाऱ्या लोकांचे जुने फोटो. विषय एवढा लहान नाही. माणूस शरीराने कसा घडला, पूर्वी कसा राहिला, कसा बोलतो आणि नाती कशी जोडतो, हे चारही प्रश्न याच शास्त्राचे. म्हणून त्याच्या मुख्य शाखाही चार मानतात: शारीरिक, पुरातत्त्वीय, भाषिक आणि सामाजिक-सांस्कृतिक. मराठीत या चारही वाटांवर वावरलेल्या अभ्यासक म्हणजे इरावती कर्वे. त्यांनी माणसांची शरीरमापं घेतली, ह. धी. सांकळियांबरोबर गुजरातेत लांघणज इथल्या उत्खननात भाग घेतला, भारतातल्या नातेसंबंधांवर १९५३ साली मोठा ग्रंथ लिहिला आणि पंढरीच्या वारीत चालून तिच्याविषयीही लिहिलं.

आपल्यापैकी फार थोडे जण हा विषय पदवीला घेतील. पण त्याची ओळख करून घ्यायला एक सोपी वाट आहे. ती कानांची. रेडिओ, ध्वनिमुद्रणं आणि आता पॉडकास्ट.

ध्वनी आणि या शास्त्राची मैत्री जुनी आहे. १८९० साली जेसी फ्यूक्स हा अभ्यासक फोनोग्राफ घेऊन अमेरिकेच्या मेन राज्यात गेला आणि पासामाक्वॉडी या आदिवासी लोकांची गाणी, गोष्टी त्याने मेणाच्या नळकांड्यांवर उतरवल्या. लोकजीवनाच्या अभ्यासासाठी केलेली ही पहिली ध्वनिमुद्रणं मानतात. आता एकेक शाखा घेऊन बघूया.

शरीर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आकाशवाणीने मानवाच्या उत्क्रांतीवर एक लांबलचक विज्ञानमालिका केली. तिचे शंभराहून जास्त भाग अनेक भारतीय भाषांतून प्रसारित झाले. हाडं, दात, मेंदूचा आकार हे सगळं चित्राशिवाय समजावायचं होतं. पण ते नुसतं बोलून सांगता येतं, हे या मालिकेने दाखवलं.

वस्तू. २०१० साली बीबीसी रेडिओ ४ ने ब्रिटिश म्युझियमबरोबर ‘शंभर वस्तूंतून जगाचा इतिहास’ सांगितला. एक भाग, एक वस्तू, पंधरा मिनिटं. वस्तू दिसत नाही, त्यामुळे निवेदकाला तिचं वजन, तिच्यावरची झीज, ती कोणाच्या हातात होती, हे सगळं शब्दांत आणावं लागतं. आपल्या जवळच हरवळ्याच्या गुंफा आहेत, जांभ्या दगडात कोरलेल्या. तिथे उभं राहून, न दाखवता, पंधरा मिनिटं बोलता येईल का आपल्याला? एकदा करून बघा.

बोली. जॉर्ज ग्रिअर्सनने भारतीय भाषांचं मोठं सर्वेक्षण केलं. त्यातला सातवा खंड, १९०५ चा, मराठीचा. कोकणीचाही समावेश त्याने त्यातच केला, आणि त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून त्याने निवडली बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट. कारण साधं: एवढ्याशा गोष्टीत सर्वनामं, विभक्ती आणि तिन्ही काळ येतात. पुढे या सर्वेक्षणाला जोडून ग्रामोफोनच्या तबकड्याही निघाल्या. त्यांतल्या काही आज इंटरनेटवर ऐकता येतात. लिहिलेल्या नमुन्यात हेल हरवतो, तबकडीत तो राहतो.

आमच्या पाळीकडे हे रोज कानावर पडतं. घरात कोकणी, शाळेत आणि भजनात मराठी, आणि देवळात गाऱ्हाणं घालताना दोन्हींच्या मधलं काहीतरी. एकच माणूस अर्ध्या तासात तीन भाषांतून जातो. लिहून काढलं की आपण ते सगळं ‘शुद्ध’ करून टाकतो.

समाज. १९६७ साली बीबीसीच्या रीथ व्याख्यानमालेत एडमंड लीच हे मानववंशशास्त्रज्ञ बोलले. विषय कुठल्या दूरच्या बेटाचा नव्हता, आपल्याच धावत्या जगाचा होता. आपल्याकडचं मोठं उदाहरण म्हणजे जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या आता वाचता येतात आणि त्यांतल्या कितीतरी ऐकताही येतात. सासर, भाऊ, दुष्काळ, देव, सगळं बाईच्या तोंडून. एखादीचा आवाज मधेच थांबतो, दुसरी ओळ उचलते. नातं म्हणजे काय, हे तिथे व्याख्येशिवाय कळतं.

आता आपल्या वाड्यावर

गोव्यात १९४६ साली पोर्तुगीज काळातच ‘एमिसोरा दी गोवा’ सुरू झालं. मुक्तीनंतर त्या जागी आकाशवाणी पणजी आली. तिथून आजही कोकणी-मराठी कार्यक्रम ऐकू येतात. पण एक केंद्र किती गावं पुरवणार? पौषात मांडावर धालो खेळणाऱ्या बायका, साळची गड्यांची जत्रा, डिचोलीची घोडेमोडणी, शिवोलीत हिंदू-ख्रिस्ती मिळून करतात तो जागोर, हे सगळं आपल्याच जिल्ह्यात आहे. त्यात आमचा भाग खाणींचा. कितीतरी डोंगरांचा आकार बदलला, शेतं मातीखाली गेली, २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद झाल्या तेव्हा घरची चूल कशी चालली, हे ज्यांनी बघितलं ती माणसं अजून आहेत. डोंगराचं, बांधाचं, झरीचं नाव त्यांच्याच तोंडी उरलंय. ती गेली की नावही गेलं.

रेकॉर्डर प्रत्येकाच्या खिशात आहे. पण बटण दाबण्याआधी विचारायचं: “आजी, हें रेकॉर्ड करूं? कोणाक आयकोवं?” पासामाक्वॉडी लोकांना त्यांच्या पूर्वजांचे आवाज शंभरावर वर्षांनी परत मिळाले, आणि त्यातलं काय सगळ्यांसाठी खुलं करायचं ते आता तेच ठरवतात. काही गाणी फक्त मांडावरची असतात, ती व्हॉट्सॲपवर टाकायची नसतात. तारीख, गाव, कोण बोललं, कोणती बोली, एवढं सुरुवातीलाच आवाजात सांगून ठेवायचं. फाईलची एक प्रत त्या घरीही द्यायची.

मंडळातल्या प्रत्येकाने या सुट्टीत एकच आवाज, वीस मिनिटांचा, असा नोंदवून आणला तर चारही शाखांचा अभ्यास आपल्या हाती येईल. परीक्षेला तो विचारणार नाहीत. गावाला मात्र त्याची गरज आहे.