पाच रात्रींचा परदेश

मौजे उर्से, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे नाव द्रुतगती मार्गाने मुंबई-पुण्यादरम्यान येणाऱ्या-जाणाऱ्या असंख्य प्रवाशांच्या स्मरणात केवळ एका पथकर नाक्याचे नाव म्हणून राहिलेले असते; ज्या शिवारातून २००२ साली पूर्णत्वास गेलेला हा ९४.५ किलोमीटरांचा रस्ता काढला गेला, तेथे इंद्रायणी तांदळाची खाचरे आहेत, कारखान्यांच्या पाळ्या आहेत, माणसांचे नांदते संसार आहेत, याची जाणीव पथकर भरून पुढे निघण्याच्या अल्प अवधीत कोणास होणार? याच रस्त्याने शनिवारी-रविवारी लोणावळ्यास उतरणारी मंडळी सकाळी भुशी धरण, दुपारी कार्ल्याची लेणी व एकवीरेचे दर्शन, उतरत्या उन्हात लोहगडाचा पायथा आणि अंधार पडता पडता पवनेचा जलाशय असा भरगच्च कार्यक्रम उरकून, अर्धा दिवस वाहनांच्या रांगेत घालवून, दमून परत जातात. थोड्या दिवसांची सहल कशाने नासते, हे यजमानाच्या बाजूने वर्षानुवर्षे पाहत आलेला मावळातला माणूस या बाबतीत शहरवासीयापेक्षा अधिक जाणता असला पाहिजे, आणि उर्से, परंदवडी, बऊर या परिसरातील एखादे जोडपे जेव्हा आयुष्यातील पहिल्या परदेश-सहलीचा विचार करू लागते, तेव्हा त्याने आपल्या या जाणतेपणावरच भिस्त ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

परदेशप्रवासाची मराठी वाचकाची कल्पना पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने (१९६०) आणि ‘पूर्वरंग’ने (१९६३) पुष्कळशी घडवली. पतिपत्नींनी मिळून परका मुलूख पाहावा, त्यावर एकमेकांशी बोलावे, ही गोष्ट त्या पुस्तकांनी घरोघर परिचयाची केली. परंतु ‘अपूर्वाई’तील प्रवास बीबीसीमधील प्रशिक्षणाच्या निमित्ताने घडलेला, दीर्घ मुदतीचा होता. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या गृहस्थास वर्षाकाठी सलग मिळून मिळून एक आठवड्याची रजा मिळते. त्यात जाण्यायेण्याचा वेळ वजा केला की पाच रात्री हाती उरतात. या पाच रात्रींत काय काय बसवता येईल, असा विचार करणारा माणूस फसतो. काय वगळावे, हे ज्याने घरी बसून, नकाशा पुढे ठेवून ठरवले, त्याचीच सहल पार पडते.

पहिला निर्णय देशाचा. पासपोर्ट अद्याप काढलेलाच नसेल, तर नेपाळ हा सोपा मार्ग आहे, कारण तेथे जाण्यास भारतीय नागरिकास व्हिसाही लागत नाही आणि पासपोर्टऐवजी मतदार ओळखपत्रही चालते. भूतानला परवाना लागतो, शिवाय तेथील सरकार भारतीय प्रवाशाकडून माणशी दर रात्रीस १२०० रुपये विकास-शुल्क घेते, म्हणजे दोघांच्या पाच रात्रींचे १२,००० रुपये निव्वळ शुल्कापोटी जातात. माझे स्वतःचे मत मात्र श्रीलंकेच्या बाजूने पडते. मुंबईहून कोलंबो सुमारे अडीच तासांच्या अंतरावर आहे. एप्रिल २००६ पासून तेथील घड्याळ आपल्याच घड्याळाबरोबर चालते. वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात. स्वयंपाकात नारळ आणि कढीपत्ता आहे. परकेपण आहे, पण पहिल्याच पावलाला माणूस गोंधळून जाईल इतके नाही, आणि पहिल्या सहलीस परकेपणाची हीच मात्रा योग्य होय.

देश ठरला म्हणजे दस्तऐवजांकडे वळावे, आणि येथे सर्वाधिक तसदी बहुधा पत्नीच्या नावापायी पडते. पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा एक रकाना आणि उरलेल्या नावाचा एक रकाना असतो. आपले मराठी नाव तिपदरी असल्यामुळे स्वतःचे नाव आणि वडिलांचे वा पतीचे नाव ही दोन्ही दुसऱ्या रकान्यात जातात. शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचा, पॅनवर तिसरेच अक्षरलेखन, अशी स्थिती असल्यास अर्ज करण्यापूर्वीच हे कागद एकमेकांशी जुळवून घ्यावेत. विवाहानंतर नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही, आणि अर्जासोबत विवाहाचा दाखला जोडण्याची सक्तीही केंद्र सरकारने डिसेंबर २०१६ मध्ये उठवलेली आहे. तेव्हा स्त्रीने आपल्या पासपोर्टावर कोणते नाव राहावे, हे सासर-माहेरच्या मंडळींवर न सोडता स्वतः ठरवावे. छत्तीस पानी पासपोर्टाचे साधे शुल्क १५०० रुपये आहे. मुंढव्याच्या सेवाकेंद्रात जाण्यासाठी उर्से गावच्या माणसास सारे पुणे ओलांडावे लागते, म्हणून दोघांनी एकाच दिवसाची वेळ मागून घ्यावी. पोलीस पडताळणीचा काळ हिशेबात धरून ही तजवीज सहलीच्या पुष्कळ आधी सुरू करावी. ज्याच्यापाशी जुना पासपोर्ट आहे, त्याने प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक आहे ना, हे पाहावे. विमानाच्या तिकिटावरील नाव पासपोर्टाबरहुकूम, अक्षर न् अक्षर, असले पाहिजे.

श्रीलंकेस जाण्यासाठी प्रवासापूर्वी इंटरनेटवरून ईटीए नावाची परवानगी काढण्याची पद्धत २०१२ पासून आहे. तिचे शुल्क आणि सवलती वेळोवेळी बदलतात, त्यामुळे ओळखीच्या कोणी दोन वर्षांपूर्वी काय केले यावर न जाता त्या देशाच्या आगमन-निर्गमन विभागाचे अधिकृत संकेतस्थळच पाहावे. हुबेहूब सरकारी भासणारी आणि अवाच्या सवा शुल्क उकळणारी खासगी संकेतस्थळे पुष्कळ आहेत.

ऋतूचा विचार आपल्याकडे दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीपुरताच होतो, आणि श्रीलंकेच्या बाबतीत हे दोन्ही काळ तितकेसे अनुकूल नाहीत. मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्य मोसमी पाऊस कोलंबो-गॉलच्या किनाऱ्यावर कोसळतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वादळी पावसाचे भय असते. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या ‘दितवा’ चक्रीवादळाने त्या देशात शेकडो माणसांचे प्राण घेतले आणि मध्यवर्ती डोंगराळ भागात दरडी कोसळून लोहमार्गाची व रस्त्यांची भयंकर हानी झाली. चहामळ्यांतून जाणाऱ्या प्रसिद्ध आगगाडीची स्वप्ने पाहणाऱ्यांनी त्या मार्गाची सद्यःस्थिती विचारल्याशिवाय काहीही ठरवू नये. जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्च हा काळ उत्तम होय, आणि मावळातील कुटुंबासही तो सोयीचा पडतो, कारण भाताची कापणी-झोडणी तोवर उरकलेली असते.

आता आराखडा. श्रीलंकेचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारे एक-पंचमांश; हा आकडा वाचून सारे बेट पाच रात्रींत पालथे घालू, असा मोह होतो, आणि पुष्कळशी छापील पॅकेजे या मोहाच्याच बळावर विकली जातात. वास्तविक कोलंबो ते कँडी हे अंतर सुमारे ११५ किलोमीटरांचे असूनही मोटारीस तीन तासांहून अधिक वेळ घेते. दर रात्री नवा मुक्काम ठेवला, तर रोजची सकाळ सामान बांधण्यात आणि दुपार गाडीत जाते, हे लोणावळ्याच्या पाहुण्यांचेच दुखणे. म्हणून माझा आग्रह असा की, पहिल्या दोन रात्री दंबुल्ला-सिगिरिया परिसरात, पुढील दोन कँडीस आणि शेवटची विमानतळाजवळच्या नेगोंबो गावी काढावी. कोलंबोचा विमानतळ वस्तुतः शहराच्या उत्तरेस, तीसेक किलोमीटरांवर कटुनायके येथे आहे. नेगोंबो तेथून अगदी जवळ असल्यामुळे परतीच्या सकाळी धावपळ होत नाही. नुवारा एलियाचे चहामळे, गॉलचा डच किल्ला, दक्षिणेची अभयारण्ये ही सारी स्थळे नितांत सुंदर आहेत आणि ती सारी या खेपेस सोडावीत.

दंबुल्ल्याचा आग्रह मी धरतो त्यास एक कारण आहे, आणि ते मावळातच आहे. पवन मावळातील बेडसे येथील लेणी, इंद्रायणीच्या खोऱ्यातील भाजे आणि कार्ले, हा सारा प्रदेश दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंच्या वर्षावासाचा होता. कार्ल्याचे चैत्यगृह भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे. त्याच्या स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत, म्हणजे परदेशी माणूस या खोऱ्यात त्या काळीही येत होता आणि आपले नाव ठेवून जात होता. माझी सूचना अशी की, जाण्याच्या आधीच्या एका रविवारी दोघांनी बेडसे पाहून यावे. तेथे गर्दी नसते. व्हरांड्यातील उंच स्तंभ आणि त्यांच्या शिरोभागी कोरलेली माणसांची व प्राण्यांची जोडपी निवांत पाहता येतात. आतला स्तूप अनलंकृत आहे, बुद्धमूर्ती नाही, आणि पूजाअर्चा केव्हाच थांबलेली आहे. ही स्तब्धता डोळ्यांत घेऊन दंबुल्ल्यास गेले म्हणजे काय घडले आणि काय घडू शकले असते, याचा उलगडा होऊ लागतो.

दंबुल्ल्यास पाच गुहा आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात राजा वट्टगामणी अभय, ज्यास तेथे वळगंबा म्हणतात, याने संकटकाळी जेथे आश्रय घेतला त्या जागी पुढे देवस्थान उभारले, अशी तेथील परंपरा सांगते. दीडशेहून अधिक बुद्धमूर्ती आणि छताच्या खडकाचा प्रत्येक उंचवटा-खळगा व्यापणारी चित्रे आहेत, आणि मुख्य म्हणजे तेथे आजही फुले वाहिली जातात, दिवे लागतात, पांढरी वस्त्रे नेसलेली कुटुंबे येऊन बसतात. जो धर्म आपल्या डोंगरांत दगडाच्या रूपाने उरला, तो समुद्रापलीकडे अखंड नांदता राहिला, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात वाचणे निराळे आणि बेडसे पाहिलेल्या माणसाने त्या गुहेत उभे राहून समजून घेणे निराळे. येथे खांदे व गुडघे झाकणारी वस्त्रे असावीत, पादत्राणे व टोपी बाहेर काढावी, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून आपले छायाचित्र काढून घेऊ नये. तेथील लोक हा अवमान मानतात, आणि अजाणतेपणाची सबब पाहुण्यास शोभत नाही.

सिगिरिया पहाटेच चढावे. भोवतालच्या सपाटीतून सुमारे दोनशे मीटर उंच उठलेल्या या कातळावर पाचव्या शतकात कश्यप राजाने राजवाडा बांधला. बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, परंतु लोहगड-विसापूर चढणाऱ्या पायांना त्यांचे भय वाटू नये. वाटेत कपारीतील स्त्रियांची भित्तिचित्रे लागतात, त्यांची छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. पुढच्या गुळगुळीत भिंतीवर आठव्या ते दहाव्या शतकांतील प्रेक्षकांनी त्या चित्रांना उद्देशून कोरलेले श्लोक आहेत; सेनरत परनविताना या विद्वानाने त्यांपैकी ६८५ श्लोक वाचून १९५६ साली प्रसिद्ध केले. हजार वर्षांपूर्वी केवळ पाहण्यासाठी म्हणून एक कातळ चढून आलेली माणसे काय म्हणत होती, हे कळण्याची सोय जगात फार थोड्या ठिकाणी असेल. तिकीट परदेशी प्रवाशांस महाग पडते. सार्क देशांच्या नागरिकांस सवलत असते, सबब पासपोर्ट जवळ ठेवावा.

कँडीस बुद्धाच्या दंतधातूचे मंदिर संध्याकाळच्या पूजेच्या वेळी, ढोल वाजत असताना पाहावे, आणि एक सकाळ पेरादेनियाच्या वनस्पती-उद्यानास द्यावी. पौर्णिमा हा तेथे सार्वजनिक सुटीचा दिवस असतो. देवळांत दाटी होते, पण उत्सवही दिसतो, तेव्हा पंचांग पाहून ती टाळायची की साधायची हे ठरवावे.

पैशाविषयी थोडक्यात सांगायचे तर, भारतीय बँकांची कार्डे २०२० पासून केवळ देशांतर्गत वापरासाठीच सुरू करून दिली जातात, त्यामुळे परदेशी वापराची मुभा निघण्यापूर्वी स्वतः चालू करून घ्यावी लागते. १२ फेब्रुवारी २०२४ पासून श्रीलंकेत यूपीआयने पैसे देण्याची सोय सुरू झाली आहे, तरी छोट्या दुकानांसाठी स्थानिक रोकड हवीच. सहल-कंपनीकडून पॅकेज घेतल्यास रकमेबरोबर टीसीएस म्हणून कर वसूल होतो. तो बुडीत खर्च नसून आयकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून त्याची पावती जपावी. शाकाहारी माणसाने तेथील नारळाच्या चटणीविषयीही विचारून घ्यावे, कारण तीत सुक्या माशाचा कीस घालण्याची चाल आहे. फणसाची आणि मसुरीची आमटी-भाजी मात्र सर्वत्र मिळते.

मराठी मंडळींबरोबर समूहाने जावे की स्वतंत्र, असा प्रश्न हटकून येतो. केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या संस्थेसारख्या सहल-संस्थांनी कधी जिल्हा न ओलांडलेल्या हजारो मराठी माणसांना धीर देऊन जग दाखवले, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. वयस्कर जोडप्याने अथवा परक्या भाषेची धास्ती असलेल्याने तोच मार्ग धरावा. परंतु ज्यांना चालता-बोलता येते आणि थोडे इंग्रजी कळते, अशा तरुण जोडप्याने श्रीलंकेत वाहनचालकासह मोटार ठरवून आपल्या गतीने हिंडावे. तेथील चालक बहुधा वाटाड्याचेही काम जाणतो.

निघताना विमान मुंबईच्या कोणत्या विमानतळावरून आहे, हे तिकिटावर नीट पाहावे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून विमानतळ चुकण्यास वाव निर्माण झाला आहे. खंडाळ्याच्या घाटात सुटीच्या दिवशी वाहने खोळंबतात, हे उर्से गावच्या माणसास सांगायला नको. शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी निघावे.

राहता राहिला दोघांच्या आवडीनिवडीचा विषय, आणि तो सर्वांत शेवटी ठेवण्याजोगा खचित नाही, कारण पुष्कळ घरांत आराखडा एकजण करतो आणि दुसरे माणूस केवळ सोबतीस जाते. पतीस किल्ला हवा असतो, पत्नीस बाजार किंवा समुद्र. किंवा याच्या अगदी उलट. दोघांनी निरनिराळ्या कागदांवर आपापली एकेक न चुकवण्याजोगी गोष्ट लिहावी आणि त्या दोन गोष्टींना आराखड्यात आधी जागा द्यावी, मग बाकीचे भरावे. आणि कँडीतील दुसऱ्या दिवसाची दुपार कोणत्याही स्थळाच्या नावावर न मांडता मोकळी सोडावी, तळ्याच्या काठाने हिंडावे की खोलीत झोपून राहावे हे त्या दिवशीच ठरवावे, आणि त्या दुपारी गाडी लागणार नाही, असे चालकास आदल्या रात्रीच सांगून ठेवावे.